पापुद्रा

तात्यांनी भाकरी मोडली, वरचा पापुद्रा अलगद सोडवला आणि नकोशीच्या पत्रावळीत ठेवला. बोलणं चालूच होतं. पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही हे ते कुंडलिकला समजावून सांगत होते. हात आपला आपण चालला होता. मी वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन शेजारी उभी होते. एवढंच झालं. पळी पातेल्याच्या काठावर वाजली, कुंडलिकनं मान वर करून पाहिलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी वाढायची थांबले आहे. मी काही लहान नव्हते. इंदापुरातल्या एका वकिलाची बायको, घरात दोन कपाटं भरून पुस्तकं, त्यातली निम्मी मी माहेराहून आणलेली. आणि मी पळी हातात धरून अडले होते ती बाजरीच्या भाकरीच्या एका पापुद्र्यासाठी.

तो माझा होता. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा चेहरा मला छबूआत्याच्या सांगण्यातूनच माहीत आहे. पण तिच्यानंतरची जेवणं मला लख्ख आठवतात. कन्हेरीच्या घरात चुलीपुढे माझे वडील, तात्या, आणि मी, आणि आत्या भाकरी थापते आहे. आरावर उभी केलेली भाकरी टम्म फुगायची, आत्या ती तात्यांच्या ताटात टाकायची, आणि तात्या कडेला बोट घालून आतली वाफ सोडायचे. मग वरचा पातळ पदर सोडवून, त्याला फुंकर घालून माझ्या हातावर ठेवायचे. त्याला जाळाचा वास असायचा. दाताखाली तो कुरकुरायचा आणि लगेच विरून जायचा. तो दिल्याशिवाय तात्या स्वतः घास घेत नसत, दारात माणसं खोळंबलेली असली तरी. पुण्याला मामांकडे शिकायला गेले तेव्हा सुट्टीत हेच; लग्नानंतर माहेरी गेले तरी हेच. याबद्दल आम्ही कधी एक शब्दही बोललो नव्हतो. आपल्या हक्काच्या गोष्टीबद्दल माणूस बोलत नाही, असं मला वाटायचं. नकोशीनं तो पापुद्रा दुमडला, त्यात ठेचा भरला आणि दोन घासांत संपवला.

बागाइतदारांच्या सभेसाठी ते त्या दिवशी इंदापूरला आले होते. तात्या लोकल बोर्डाचे सभासद होते, त्या भागात त्यांना कुणी गेणबा अशी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते तात्याच होते. आणि सभा म्हटली की बरोबर कुंडलिक आणि नकोशी असायचेच. कुंडलिक कन्हेरीच्या वेशीबाहेरच्या वस्तीतला, वाखाचे दोर वळणारा. सभेआधी तो हलगी वाजवून माणसं गोळा करायचा आणि त्याची मुलगी नकोशी गायची. ती माझ्याच वयाची. नवऱ्यानं टाकल्यावर बापाकडे परत आलेली. माझ्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, दोघांना ओसरीवर पत्रावळी मांडायला सांगितलं, तेव्हा तात्या जोडे काढता काढता म्हणाले, "मंग माझीबी पत्रावळ हितंच मांडा, विहीनबाई. मला हितं वारा लागतोय."

"वारा माजघरातही येतो, तात्या," सासूबाई म्हणाल्या.

"येतो, पर एकलाच येतो," तात्या म्हणाले आणि मांडी घालून बसले.

जेवताना नकोशी त्यांना म्हणाली, "तात्या, आज लई लांबवलंसा. म्हाताऱ्या पेंगाय लागल्या व्हत्या."

"मंग तू कशाला हाईस? टाकायचं की मधीच एक गानं."

"माझा गळा काय पाटाचं पानी हाय व्हय, दार मोडलं की सुटलं?"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या मीच पुढे केला. पण माझं लक्ष त्या हसण्याकडे होतं. मी तात्यांशी पुस्तकांबद्दल बोलायची, वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांबद्दल बोलायची, नव्या कायद्यानं मतं कुणाला मिळणार याबद्दल बोलायची. ते मान डोलवून ऐकायचे. ठसका लागेपर्यंत मी त्यांना कधी हसवलं नव्हतं. उठताना ते म्हणाले, "भाजी झ्याक झालती, कौसे. मीठ वाईच कमी." मोटारीची वेळ झाली होती. मी "हं" म्हटलं. एरवी मी कोपऱ्यापर्यंत सोडायला जात असे; त्या दिवशी पत्रावळी गोळा करत राहिले. कोपऱ्यावर वळताना ते थांबून मागे बघतात हे मला माहीत होतं. त्यांनी पाहिलंही असेल. मी पाहिलं नाही.

सगळी माणसं एका मुळाची आहेत, ही गोष्ट तात्यांना मीच सांगितली होती. मॅट्रिकच्या सुट्टीत शाळेतल्या बाईंनी मला एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं होतं: माणूस कुठून आला, जमिनीत सापडलेली हाडं काय सांगतात, असलं काहीतरी. तात्या मराठी चौथी शिकलेले. ते पुस्तक त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, एका कवटीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वाच बरं, काय म्हनतोय ह्यो." मग उन्हाळाभर रोज संध्याकाळी, मळ्यातल्या लिंबाखाली, मी वाक्य वाचायची, मनात मराठी जुळवायची आणि सांगायची. पाटाचं पाणी केळीत सोडलेलं असायचं, ओल्या मातीचा वास यायचा. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणाऱ्याला आत्या बाहेरच्या बाहेर वाटेला लावायची, "लेकीसंगं बसल्यात" म्हणून. तेवढा एक उन्हाळा ते कुणाचे तात्या नव्हते.

"म्हंजी तू, मी, सर्जेराव आन त्यो पलीकडच्या मुलखातला काळा मानूस, समदी एका आईची?"

"असं म्हणतात, तात्या. फार फार मागं गेलं तर."

"आईचं नाव काय दिलंय?"

"नाव कसं असेल? तेव्हा नावंच नसतील."

"नाव न्हाय, मंग आडनावबी न्हाय," ते म्हणाले. "आता सर्जेरावाचं कसं व्हायचं?"

सर्जेराव आमच्या भावकीतले. पाचव्या की सहाव्या पिढीला कुठेतरी आमचा आणि त्यांचा पुरुष एक. पण त्यांच्या बोलण्यात तो पुरुष काल-परवाच वारल्यासारखा असे. तात्या नुकतेच बोर्डावर गेले होते आणि सर्जेराव रोज सकाळी येऊन सांगत होते की भावकीनं निवडून दिलं आहे, आता भावकीचं बघायला पाहिजे. तात्या बराच वेळ लिंबाच्या काडीनं मातीत रेघा ओढत राहिले. खालून एक रेघ, तिला फाटे, फाट्यांना फाटे. मग त्यांनी विचारलं, "कौसे, ह्या पुस्तकापरमानं भावकी थांबती कुठं?"

"ती थांबत नाही, तात्या," मी म्हटलं. मला स्वतःच्या उत्तराचा किती अभिमान वाटला होता!

"मंग घातच झाला की," ते म्हणाले. "पुढाऱ्याला लई मानसांचं बघावं लागंल." आणि हसले. मीही हसले.

पुढं आमच्या त्या उन्हाळ्याचं सभेतलं भाषण झालं. सुप्याच्या बाजारात, सांगवीच्या पारावर, जिथं चार माणसं जमतील तिथं तात्या तीच गोष्ट सांगायला लागले. त्यांनी तिला आपले कपडे चढवले. माझ्या कोरड्या वाक्यांतली ती हाडं आणि कवट्या गेल्या. त्या जागी एक म्हातारी आली, बिननावाची, पाठीला पोर बांधून रानोमाळ हिंडणारी, आणि तिच्या पोरांची पोरं, त्यांची पोरं. "आता मला सांगा," ते विचारायचे, "तिनं कुनाला म्हनलं आसंल, तू पानवठ्यावर येऊ नगंस? आन पुढाऱ्यानं त्या म्हातारीच्या जाग्यावर बसायचं आसंल, तर त्यानं कुनाला म्हनायचं, तू माझा न्हाईस?" लोक माना हलवायचे. बायका डोळे पुसायच्या. मी लग्नाआधी एकदा बायकांत बसून हे ऐकलं. ते म्हणायचे, "एका पुस्तकात लिवलंय." माझ्या लेकीनं वाचून दाखवलं, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. कुणाही समंजस माणसाला यात राग येण्यासारखं काही दिसणार नाही. मलाही दिसत नव्हतं. मी समंजस म्हणूनच वाढले होते. ते बोलत होते ते खरं होतं, चांगलं होतं, आणि माझंच होतं. तरी त्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे पाहताना मला वाटत होतं, आमच्या लिंबाखाली कुणीतरी जत्रा भरवली आहे.

आणि ते नुसतं बोलत नसत, हेच तर दुःख होतं. नुसतं बोलणारे पुढारी मी पुढं इंदापुरात पुष्कळ पाहिले. त्यांच्या मुलींना काय, सभा संपली की बाप परत मिळतो. माझी मुलगी जन्माला आली आणि तिसऱ्याच दिवशी गेली, तेव्हा आम्ही तात्यांना निरोप धाडला. त्या वर्षी सुप्याकडे पटकीची साथ होती. तात्या गावोगाव विहिरींत लाल औषध टाकत, माणसं उचलत हिंडत होते. ते आले तेव्हा पाळणा उतरवून माळ्यावर टाकलेला होता. धोतरावर लाल डाग, डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. माझ्या उशाशी बसून त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. हाताला औषधाचा उग्र वास होता. मी भिंतीकडे तोंड केलं. "तितंबी लेकीच व्हत्या, कौसे," ते म्हणाले. मी मान हलवली. हो तात्या. मला कळत होतं. वाक्याचा अर्थ मला त्यांच्याआधी कळत होता. भिंतीवर एक माशी वर चढत होती आणि खाली घसरत होती, आणि मी मनात त्या परक्या लेकींना मोजत होते, ज्यांच्यामुळं माझ्या लेकीला आजोबांचा हात लागला नाही. त्या जगल्या की मेल्या हेही मी विचारलं नाही. जगल्या असतील तर ते मला ऐकायचं नव्हतं.

भाजीत मीठ कमी झालं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्याला, कन्हेरीहून माणूस आला. सांगवीला जाताना पाटाच्या कडेनं चालता चालता तात्या खाली बसले आणि मग आडवे झाले. मी पोचले तेव्हा त्यांना ओट्यावर ठेवलं होतं आणि अंगणात उभं राहायला जागा नव्हती. मला त्यांच्यापर्यंत जायला वाट काढावी लागली. "लेक आलीया, लेकीला जाऊ द्या," कुणी म्हणालं, आणि गर्दीतल्या एका अनोळखी म्हातारीनं वळून, तोंडाला पदर लावून विचारलं, "कंची लेक?" ती मुद्दाम म्हणाली नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. आम्हा बायकांना वेशीपासून परत फिरवलं. अग्नी सर्जेरावांनी दिला. तात्यांना मुलगा नव्हता आणि भावकीत तेच जवळचे. रात्री छबूआत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शेवटचं पानी नकोशीनं पाजलं, बाई. पाटातलं, वंजळीनं. सर्जेराव म्हनतोय, कुठं बोलायचं न्हाय." सर्जेरावांना विटाळाची काळजी होती. मला त्या ओंजळीची. मी अंधारात माझे दोन्ही तळवे जोडून पाहिले. त्यांत किती पाणी मावतं, ते किती वेळ टिकतं, बोटांच्या फटींतून किती गळतं.

सुतकाचा हिशोब मला लहानपणापासून माहीत होता, पण माझ्यावर असा कधी आला नव्हता. भावकीला दहा दिवस. लग्न झालेल्या मुलीला तीन; ती दुसऱ्या घरची. चौथ्या दिवशी इंदापूरहून बोलावणं आलं आणि मी गेले. सासूबाईंनी मला डोक्यावरून न्हायला घातलं, पाटावर बसवून केसांत तेल जिरवलं आणि न बोलता वेणी घातली. त्या वाईट बाई नव्हत्या. "तुझं फिटलं आता," त्या म्हणाल्या. "जे झालं ते झालं. देवाला दिवा लाव." मी दिवा लावला. फोडणी घातली. यांच्या कोर्टाच्या कोटाची गुंडी लावून दिली. आणि तिकडे कन्हेरीत सर्जेराव, ज्यांनी तात्यांना जन्मभर नावं ठेवली, ते घोंगडीवर बसून तात्यांचं सुतक पाळत होते. माझं दुःख तिसऱ्या दिवशी फिटलं होतं. त्यांचं चालू होतं. इतके दिवस मला वाटे, तात्यांना माझ्यापासून दूर नेलं ते त्या बिननावाच्या म्हातारीनं, एका मुळानं, मीच वाचून दाखवलेल्या त्या वाक्यांनी. आता भावकी, जिची कुंपणं तात्या मोडायला निघाले होते, तीही तेच करत होती. दोन्हीकडून हिशोब केला तरी माझ्या वाट्याला सगळ्यांत कमी येत होतं.

दहाव्याला मी परत गेले. बारामतीला मोटारीतून उतरून कऱ्हेच्या काठानं चालत निघाले, आणि घाटाच्या अलीकडेच थबकले. भावकीतली वीस-पंचवीस माणसं असतील, असं मी धरून चालले होते. नदीच्या वाळूत माणसंच माणसं होती. टोप्या, पागोटी काढून बसलेली. कन्हेरीच्या सगळ्या आळ्या होत्या, वस्तीवरचे होते, सुप्याकडचे धनगर होते, सांगवीचा मुलाणी आपल्या दोन भावांना घेऊन आला होता. झुंबर न्हावी वस्तरा हातात घेऊन मध्ये उभा होता आणि सर्जेराव त्याच्यावर ओरडत होते.

"आधी भावकी! बाकीच्यांचं काय काम हाय? सुतक भावकीला आसतंय, हितं काय उरूस हाय?"

कुंडलिक पुढे आला. दहा दिवसांची दाढी, हलगी नसलेले हात कसेतरी लोंबणारे. "सर्जेराव, रागवू नगा. तात्याच म्हनलं व्हतं, समदी एक भावकी. मंग आमी सुतक धरायचं न्हाय व्हय? वस्तीवर दहा दिस कुनी गोड केलं न्हाय. भीमाच्या पोरीची सुपारी फुटायची व्हती, ती मागं ढकलली."

"आरं बाबा, ते सभंतलं बोलनं!"

"सभंतलं खोटं आसतंय व्हय?" कुंडलिकनं विचारलं. तो चिडवत नव्हता. त्याला उत्तर हवं होतं.

वाळूवर बसलेल्या त्या सगळ्या डोक्यांवरून सर्जेरावांची नजर फिरली. तात्यांच्या रिकाम्या जागेवर बोर्डात त्यांना उभं राहायचं होतं. हे इंदापुरातही सगळ्यांना माहीत होतं. इतकी डोकी त्यांच्यासमोर पुन्हा कधी अशी खाली मान घालून बसणार होती? झुंबर त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "काय करू, मालक? वस्तरा वाळाय लागलाय." सर्जेराव मुकाट्यानं खाली बसले आणि झुंबरनं त्यांच्या डोक्यावर पाणी मारलं. त्यांच्या मांडीला मांडी लावून कुंडलिक बसला. सर्जेरावांनी पाय थोडा आखडून घेतला, तेवढंच.

तात्या असते तर त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं असतं. मला रडू यायला हवं होतं. एखाद्या माणसाचं बोलणं इतकं खरं मानलं गेलेलं कुणी पाहिलं असेल? पण मी बायकांच्या बाजूला उभी राहून एकामागून एक उघडी होत जाणारी डोकी पाहत होते आणि प्रत्येक डोकं तात्यांच्या मुलाचं दिसत होतं. पांढरट, कोवळी, उन्हात चकाकणारी. इतके मुलगे. आणि वाऱ्याची झुळूक आली की मला माझ्याच केसांच्या तेलाचा वास येत होता. बायकांच्या टोकाला नकोशी बसली होती. केस कोरडे, विस्कटलेले, दहा दिवस फणी न लागलेले. नवऱ्यानं टाकलेली म्हणून ती बापाच्या घरची धरली गेली, आणि बापाच्या घरचं म्हणून तिनं दहा दिवस पाळले. टाकल्याचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या वाळूत उभी असताना कळलं.

पिंड मांडले. सगळे मागे सरले. मी या घटकेची वाट पाहत होते, हे आता लिहायला हरकत नाही. मला माहीत होतं काय होईल: कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहतील, खाली येणार नाहीत. सर्जेराव मोठ्यानं सांगतील, पाटाचं काम पुरं करू. कावळा येणार नाही. कुंडलिक म्हणेल, सभा चालू ठेवू. येणार नाही. मग सगळे गप्प होतील आणि छबूआत्या वळून म्हणेल, लेकीला पुढं होऊ द्या, तिच्यात जीव अडकलाय. ती सगळी गर्दी बाजूला होईल. मी पुढे जाईन. काय बोलायचं तेही मी मोटारीत ठरवून ठेवलं होतं. पिंडावरचा हात काढून सर्जेराव दोन पावलं मागे आले असतील-नसतील, तोच बाभळीवरून एक कावळा सरळ खाली उतरला, त्यानं मान वाकडी करून एकदा पाहिलं आणि तो घास घेऊन उडाला.

"शिवला! शिवला!" सगळीकडून एकदम आवाज उठला. बायकांनी हात जोडले. "काय मागं ठिवलं न्हाय मानसानं," आत्या डोळे पुसत म्हणाली. "मोकळा झाला." सगळ्यांचे चेहरे हलके झाले होते. तात्या मोकळे झाले होते. कशातही त्यांचं काही अडकलं नव्हतं. माझ्यातही नाही.

माणसं पांगली. सोयऱ्यांनी आणलेल्या भाकऱ्या, पिठलं काठावर वाटलं जात होतं. मी नकोशीकडे चालत गेले. ती एकटीच बसली होती, पुढ्यात फडक्यात बांधलेली एक भाकरी. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते?"

तिनं वर पाहिलं. "कुनी सांगितलं तुमाला?"

"आत्यानं. काय म्हणाले?"

"काय न्हाय. पानी प्यालं. म्हनलं, ग्वाड हाय."

"आणि?"

"आन काय? तेवढंच." तिनं फडक्याची गाठ चाचपली. "तुमचं नाव घेतलं म्हनून सांगू का? बरं वाटंल तुमाला?"

मला तिचा भयंकर राग आला. मी ठरवलेली सगळी चांगली वाक्यं पळाली आणि माझ्या तोंडून निघालं, "त्या दिवशी पापुद्रा तुला दिला त्यांनी."

मला वाटलं तिला कळणार नाही. तिला लगेच कळलं. "व्हय," ती म्हणाली. "तुमी पळी वाजवलीसा तवाच वळाखलं मी. दर येळी पहिला पापुद्रा हातात धरून तात्या इकडंतिकडं बघायचं, कुनाला द्यावा म्हनून. सवय आसती मानसाला. आमी हासायचो." मग ती माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "पर त्या दिवशी तुमची पत्रावळ कुठं व्हती, ताई? तुमी उभ्या व्हतासा. घालायचा तर कशात घालायचा?"

पलीकडे मुलाणी आपल्या भावाच्या उघड्या डोक्याला टोपी घालत होता. नदीचं पाणी उथळ होतं, दगडांवरून घसरत होतं. आमच्या ओसरीवर तीन पत्रावळी होत्या. चौथी मी मांडली नव्हती. सासूबाईंनी मला बसू नको म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. उंबऱ्याच्या आतल्या बाजूनं येऊन मी वाढत होते आणि वाढून परत आत जात होते. भावकी थांबत नाही, असं लिंबाखाली बसून सांगणारी मी.

"बसा की," नकोशी म्हणाली. तिनं फडकं सोडलं आणि भाकरी माझ्यापुढे सरकवली. "तुमी मोडा. माझ्या हाताची चालती का तुमाला?"

मी वाळूत बसले. भाकरी थंड होती, कडक झालेली. पण कडेला बोट घातल्यावर वरचा पदर सुटा होता. मी तो तुटू न देता सोडवला. तो माझ्या तळहातावर आला, हलका, एका बाजूला करपलेला, जाळाचा पुसट वास असलेला. नकोशी माझ्या हाताकडे पाहत होती. तिला तो द्यावा, हे मला दिसत होतं. तात्यांनी काय केलं असतं हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. तो अर्धा करावा, हेही दिसत होतं. सगळी माणसं एका आईची असतील. त्या आईलाही एखादं पोर असं असेल, इतरांच्या आधी हात पुढे करणारं, आणि त्याच्या हातावर काही पडलं की नाही हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसेल. मी नकोशीकडे पाहिलं नाही. तळहात तसाच उघडा ठेवून, नदीकडे तोंड करून, तिला ऐकू जाईल, आत्याला ऐकू जाईल, सर्जेरावांनी मान वळवून पाहावं एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं,

"तात्या, तिला देऊ नका. मला द्या. सगळ्यांच्या आधी मला द्या."